स्थानिक नाव

१

आप्पांचं खरं नाव एकदाच सांगून ठेवतो, कारण पुढं ते उगाच घ्यायचं नाही: बाळगोंडा. निपाणीपासून सहा किलोमीटरवर, ओढ्याच्या काठाला त्यांचं शेत, आणि शेतातच चार खोल्यांचं घर. नुसत्या नावानं हाक मारणारं गावात आता कुणी उरलेलं नव्हतं. आई गेली, थोरला भाऊ गेला, शाळासोबती एकेक करत गेले. बाकी सगळ्यांचे ते आप्पा. रेशन दुकानदार परशराम त्यांच्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी लहान, पण तोही आप्पाच म्हणायचा. आपणही तेच म्हणू.

बायको तारामती दिवाळीच्या तोंडावर गेली. तिचं माहेर चिकोडीकडचं, कानडी बोलणारं. त्यामुळं चव्वेचाळीस वर्षं त्या घरात प्रत्येक गोष्टीला दोन नावं होती, आणि झाडांना तर होतीच होती. आप्पा चिंच म्हणत, ती हुणशी म्हणायची. ह्यांचा करंज, तिची होंगी. ह्यांचा बहावा, तिची कक्की. बाभळीला ती जाली म्हणायची आणि आप्पा मुद्दाम विचारायचे, "जाळी? केसाला लावायची व्हय?" ती फणकाऱ्यानं आत जायची आणि पाच मिनिटांनी चहा घेऊन बाहेर यायची. शेवग्याची शेंग की नुग्गी, यावरून एकदा दोघांनी दिवसभर अबोला धरला होता. आमटी मात्र दोघांनी वाटीभर जास्तच घेतली.

भांडण झालं नाही ते फक्त एका झाडावरून. ओढ्याच्या वळणावर एक उंच, उघडंबोडकं झाड होतं. वर शेंड्याला हातभर लांब, चार बोटं रुंद, चपट्या काळपट शेंगा लोंबायच्या. वाळल्या की वाऱ्यानं एकमेकींवर आपटायच्या, फळीवर फळी आपटावी तशा. ते कुणी लावलं नव्हतं, आणि त्याचं नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. तारामती त्याला 'हेसरिल्लद गिडा' म्हणायची, म्हणजे बिननावाचं झाड. दुपारी त्याच्या बुडाशी बसून ती पावटा निवडायची, तीन वाजता उठून घरात यायची, आणि पडवीत झोपलेल्या आप्पांना सांगायची, "बर्री, चा आगेद." या, चहा झालाय.

एवढीच तिची हाक. नाव तिनं कधीच घेतलं नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. लग्नात बायकांनी दार अडवून धरलं तरी तिनं तोंडाला पदर लावला तो लावला. बेळगावच्या दवाखान्यात नर्सनं नवऱ्याचं नाव विचारलं तर तिनं पिशवीतून रेशनकार्ड काढून बोट ठेवलं. शेवटच्या दिवशी आप्पांनी तिचा हात धरून म्हटलं, "आता तरी घे की एकदा. मला ऐकायचं हाय." तिनं मान हलवली. "तुमी जगा री," एवढंच म्हणाली.

आप्पांच्या मनाला ते फार लागून राहिलं होतं. माणूस गेलं याचं दुःख होतंच, पण ती एक हाक राहून गेली याचं निराळं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

२

माघात, एका बुधवारी सकाळी, स्कूटीवरून माधवी आली. मूळची येळ्ळूरची, निपाणीच्या एका कॉलेजात झाडाझुडपांचा विषय शिकवायची. शेंगा धरणाऱ्या झाडांची यादी करायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. पुस्तकातली नावं तिच्याकडं होती. तिला हवी होती ती लोकांच्या तोंडातली.

"आमच्या कागदात एक रकाना हाय, आप्पा. 'स्थानिक नाव'. त्यो तुमच्यासारख्यांशिवाय भरत न्हाय."

आप्पांशी चार महिन्यांत कुणी इतका वेळ बोललं नव्हतं. ते चप्पल अडकवून तिच्याबरोबर बांधाबांधानं फिरले. प्रत्येक झाडापुढं उभं राहून आपलं नाव सांगत, आणि मग थांबून, "आमच्या मंडळी ह्याला हुणशी म्हणायच्या," असंही सांगत. माधवी दोन्ही लिहून घ्यायची. मग पत्र्याच्या एका बिल्ल्यावर रंगानं नंबर आणि नाव घालून तारेनं झाडाला अडकवायची. शिरीष, पांगारा, विलायती चिंच. शेहेचाळीस झाडं झाली.

सत्तेचाळिसावं ओढ्याच्या वळणावरचं.

"हे काय म्हणायचं?" तिनं मान वर करून विचारलं. "मी पण पहिल्यांदाच बघते."

"ह्याला नाव न्हाय."

"असं कसं? काहीतरी म्हणत असशिलाच की. रकाना मोकळा ठेवता येत न्हाय."

आप्पांनी झाडाच्या बुडाशी पाहिलं. तारामतीच्या बसण्यानं तिथली माती अजून दबलेली आणि गुळगुळीत होती. का कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "लिवा, तारामती."

"तारामती? किती छान नाव! समदी असंच म्हणत्यात?"

"व्हय, हितं असंच म्हंत्यात."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचे कान लाल होतात, तसे आप्पांचे झाले. पण तिनं बिल्ल्यावर ते नाव नीट, गोल अक्षरात लिहिलं आणि तारेला पीळ दिला, तेव्हा त्यांना खरोखर बरं वाटलं. शेतात कुठंतरी तिचं नाव लागलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडवीत आडवे झाले होते. डोळा लागला न लागला तोच हाक आली.

"बाळगोंडा."

ते उठून बसले. अंगणात कुणी नव्हतं. भुऱ्या कुत्रा चिंचेखाली पाय ताणून झोपला होता. कुणी आलं असतं तर त्यानं शेत डोक्यावर घेतलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

स्वप्न, असं म्हणून त्यांनी चहा टाकला. चहात आलं जरा जास्तच ठेचलं. जन्मभर ज्या जास्त आल्यावरून बायकोला नावं ठेवली, तसाच चहा आता त्यांना लागायचा.

शुक्रवारी पुन्हा तेच. या वेळी ते जागे होते, पंचांगाची पानं उलटत होते. ओढ्याच्या बाजूनं शेंगा वाजल्या, थांबल्या, आणि त्या थांबण्यात हाक आली. बाईचा आवाज होता. घाई नव्हती. शेवटचा 'डा' जरा लांबवलेला.

आप्पा तर्कानं चालणारे गृहस्थ होते. रस्त्यावरून कुणी गेलं असेल. पण रस्ता अर्धा किलोमीटर लांब, आणि नुसत्या नावानं हाक मारील अशी बाई जिवंत कुठं होती? मग तारामतीचा आवाज असेल का? ते त्यांना ठरवता येईना. एखाद्या तोंडातून एखादा शब्द कधीच ऐकलेला नसला, तर त्या तोंडातून तो कसा येईल हे ओळखायचं कसं?

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. ताटात एक बी पडलेलं होतं. भोवती पातळ, आरपार दिसणारा पापुद्रा, तळहाताएवढा. त्या झाडाचं बी. वाऱ्यानं येतं उडून. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, पण कौलांतून येत असेल.

४

शनिवारी ते रेशनला गेले. परशरामनं मशीन पुढं केलं. आप्पांनी अंगठा ठेवला. मशीननं घेतला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, दुसरा हात. कशालाच दाद देईना.

"आप्पा, बोटं झिजली की तुमची," परशराम हसला. "तमाकूच्या पाल्यात राबून रेघाच गेल्या बघा."

"गेल्या महिन्यात तर घेतलं हुतं की रं."

"मशीनचं काय खरं हाय? वयस्कर माणसांचं असंच हुतंय. सोमवारी या."

हे पटण्यासारखं होतं. म्हाताऱ्यांची बोटं मशीनला कळत नाहीत, हे सगळ्या निपाणी तालुक्याला ठाऊक आहे. आप्पांनी घरी येऊन खिडकीच्या उजेडात अंगठा धरला. रेघा नव्हत्या. चिंचोका घासून ठेवावा तसा अंगठा गुळगुळीत होता.

ते फाटकातून आत आले तेव्हा भुऱ्या उठला नव्हता, हे त्यांना नंतर आठवलं. शेपूटही हलवली नव्हती. त्यांनी हाक मारली तेव्हा कुत्र्यानं कान टवकारून भलतीकडंच पाहिलं. कुत्रंही म्हातारं झालंय, आप्पांनी मनाशी म्हटलं.

रविवारी अरिहंतचा फोन आला. मुलगा बेळगावजवळ सांबऱ्याला नव्या घरात राहायचा, सून प्रिया तिथंच शाळेत शिकवायची. पुढच्या रविवारी ते आप्पांना कायमचं न्यायला येणार होते. हे ठरून महिना झाला होता, आणि आप्पांनी अजून एक पिशवीही भरली नव्हती.

"आप्पा, मोठ्यानं बोला की," अरिहंत म्हणाला.

"मोठ्यानंच बोलतोय."

"लई लांबनं आल्यागत वाटालंय. रेंज न्हाय वाटतं."

फोन ठेवून आप्पा बराच वेळ पडवीत बसले. तीन वाजले. हाक आली, आणि हाक संपता संपता छातीतून काहीतरी हलकेच काढून घेतल्यासारखं त्यांना झालं. दुखलं नाही. नुसतं उणं झालं. तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की तारामती ज्याला जन्मभर भ्यायली ते हेच.

५

सोमवारी तिसऱ्या प्रहरी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि तीन वाजायच्या आधीच ओढ्याकडं निघाले. चिंचेपाशी, पन्नासेक पावलांवर थांबले. ऊन रणरणत होतं. लपायला जागा कुणालाच नव्हती, त्यांना नाही आणि दुसऱ्या कुणाला नाही.

बुडाशी कुणीतरी बसलेलं होतं. पाठमोरं. हिरवं लुगडं, मानेवर लहानसा अंबाडा. पुढ्यात सूप असावं, कारण निवडल्यासारखे दोन्ही हात पुढंमागं होत होते. आप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी एक पाऊल टाकलं.

मग त्यांना हात दिसले. कोपरापासून खाली ते सरळच होते. मनगट नव्हतं, बोटं नव्हती. लांब, चपटे, काळपट. एकावर एक आपटले की फळीवर फळी आपटल्याचा आवाज यायचा.

"बाळगोंडा," मान न वळवता ती म्हणाली.

ते मागं फिरले, आणि सत्तरीतला माणूस जितका पळू शकतो तितके पळाले. घरात येऊन दार लावलं, णमोकार मंत्र म्हणायला घेतला, आणि अर्ध्यात पुढचे शब्द सुचेनात. मग त्यांनी माधवीचा नंबर लावला.

"मॅडम, त्या सत्तेचाळीस नंबरचं नाव खोडा. मी चुकीचं सांगितलं."

"जरा मोठ्यानं बोला, आप्पा. हां, कळलं. अहो, मी पण आजच तुमाला फोन करणार हुते. त्याचं नाव घावलं. टेटू! आमच्या सरांनी फोटो बघून सांगितलं. शुक्रवारी दुपारी येऊन बिल्ला बदलते."

"लवकर जमायचं न्हाय?"

"परीक्षा चालू हाईत ओ. शुक्रवारी नक्की येते."

टेटू. किती साधं नाव. आप्पांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं, आणि त्यांना धीर आला.

६

पण माणसाचं मन विचित्र असतं, आणि एकट्या माणसाचं तर विचारूच नका. मंगळवारी त्यांनी कानात कापूस घालून दार लावून घेतलं. तरी हाक ऐकू आलीच. आणि ऐकताना त्यांना जाणवलं, की आपण सकाळपासून घड्याळाकडं बघत होतो.

बुधवारी दिवसभरात त्यांच्याशी कुणीच बोललं नाही. दूध घालणारा शामू अंगणात आला, "आप्पा?" म्हणून इकडंतिकडं पाहिलं, आणि पायरीवर बसलेल्या आप्पांच्या शेजारी पातेलं ठेवून निघून गेला. मुकादमाची बाई बांधावरून गेली, तिनं हात केला नाही. दिवसभरात त्यांचं नाव माहीत असलेला एकच आवाज आला, तो तीन वाजता. आप्पांनी कापूस काढून ठेवला होता.

ते तारामती नव्हे, हे त्यांना पक्कं कळत होतं. तारामतीनं मेल्यावरही त्यांचं नाव घेतलं नसतं. त्यांनी झाडाला तिचं नाव दिलं, आणि झाडानं नावाबरोबर मिळेल ते घेतलं. पण आवाज? आवाजात ती होती. तिसऱ्या अक्षरावर जरा थांबणं, शेवटचं अक्षर ओढणं, चिकोडीची ती सगळी चाल. दवाखान्यात हात धरून त्यांनी जे मागितलं होतं, ते रोज तीन वाजता मिळत होतं. उरलेली वर्षं सांबऱ्याच्या घरात टीव्हीपुढं बसून काढायची, ती वर्षं देऊन हे मिळत असेल तर काय वाईट?

गुरुवारी ते झाडाशी गेले आणि डोळे मिटून बसले. हाक अगदी कानाशी आली. आप्पांनी चव्वेचाळीस वर्षांची हौस भागवत उत्तर दिलं, "ओ."

तसे ते हसले, आणि रडलेही. मग घरी येऊन त्यांनी माधवीला फोन लावला. बिल्ला बदलू नका, राहू दे तेच नाव, एवढं सांगायचं होतं.

"हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?" माधवी म्हणाली. "आप्पा, तुमी हाय काय? काहीच ऐकू येईना बघा."

ते ओरडले. त्यांच्या घशाला त्रास झाला इतके ओरडले. फोन कट झाला.

७

शुक्रवारी अडीच वाजता स्कूटी आली. आप्पा फाटकातच उभे होते.

"या मॅडम. त्ये नाव तसंच असू दे. मी चुकून बोललो त्या दिशी."

माधवीनं स्कूटी उभी केली, हेल्मेट काढलं, आणि त्यांच्या अंगावरून सरळ अंगणात गेली. "आप्पा! ओ आप्पा!" भुऱ्या धावत आला आणि तिच्या पायांत घोटाळायला लागला. पायरीवर चपला होत्या, दार उघडं होतं. तिनं ओट्यावरच्या पातेल्याला हात लावून पाहिला. चहा कोमट होता. तिनं फोन काढून परशरामकडून घेतलेला अरिहंतचा नंबर लावला.

"अरिहंत सर, मी कॉलेजातली माधवी. आप्पा घरात दिसेनात. चपला हाईत, दार सताड उघडं हाय. न्हाय न्हाय, घाबरू नका, असतील रानात कुठंतरी. मी वढ्याकडं बघते."

आप्पा तिच्या मागोमाग चालत होते. "आवो, मी हितं हाय," ते सारखं सांगत होते. पायांखालचा पालापाचोळा तिचाच वाजत होता.

झाडाखाली कुणी नव्हतं. माधवी बिल्ल्यापुढं जराशी थांबली. "परशराम काकांनी सांगितलं मला," ती हलक्या आवाजात म्हणाली, जणू आप्पा तिथंच आहेत असं समजून. "तारामती म्हंजे काकू हुत्या, व्हय. बोलला असतासा तर मीच नाव ठिवलं असतं की तसंच. पण तुमीच खोडा म्हटलासा."

"न्हाय! न्हाय खोडायचं!" आप्पांनी तारेला हात घातला. माधवीनं माशी आल्यासारखा हात झटकला आणि पीळ सोडवला. जुना बिल्ला तिनं रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला, रविवारी अरिहंतला द्यायचा म्हणून. तिच्या मनात चांगलंच होतं. नव्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, '४७. टेटू'. तिनं पुन्हा दोनदा "आप्पा!" अशी हाक दिली, ओढ्याच्या पलीकडं नजर टाकली, आणि लोकांना बोलवायला म्हणून घाईनं परत गेली. स्कूटीचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता.

आप्पा दबलेल्या मातीवर बसले. सवयीनं घराकडं पाहिलं, पण इतक्या लांबून घड्याळ कुठलं दिसायला? सावलीवरून त्यांना तीन वाजलेले कळले.

वाऱ्यानं शेंगा वाजल्या. थांबल्या. आप्पांनी मान पुढं केली. पुन्हा वाजल्या, पुन्हा थांबल्या. नुसत्या शेंगा.

सावली बरीच पुढं सरकल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि स्वतःच आपलं नाव घेतलं, मोठ्यानं, शेवटचं अक्षर ओढून, ती हाक यायची तसं. ओठ हलले, जीभ टाळ्याला लागली. कानांना मात्र काही ऐकू आलं नाही. पहिल्या वेळेला नीट जमलं नसेल, असं वाटून त्यांनी ते पुन्हा घेतलं, आणि ओ द्यायच्या तयारीनं बसून राहिले.